जीवाणूंचे चालणे आणि त्यांचा लगाम

मृगाचा पहिला दमदार पाऊस झाला की मालव्याच्या काळ्या जमिनीतील उन्हाळी भेगा मिटू लागतात, ढेकळे फुगतात आणि इंदूरबाहेरच्या कोणत्याही शेतात चार पावले टाकणाऱ्याच्या चपलांना शेरभर चिखल चिकटतो. आपल्याला ते पाणीच पाणी वाटते. मात्र त्याच मातीत राहणाऱ्या जीवाणूसाठी ती ओल लवकरच ओसरते, आणि मातीच्या कणावर पाण्याचा जो पापुद्रा उरतो तो बहुतेक वेळ त्या जीवाणूच्या स्वतःच्या जाडीएवढा, म्हणजे सुमारे एक मायक्रोमीटर, किंवा त्याहूनही पातळ असतो. पाठ्यपुस्तकात शेपट्या फिरवीत मोकळ्या पाण्यात पोहणारा जीवाणू दाखवलेला असतो. ते चित्र परीक्षानळीतले आहे. जमिनीत, दातांवर, आतड्याच्या अस्तरावर किंवा रुग्णाच्या मूत्रमार्गात घातलेल्या नळीवर जीवाणूचे आयुष्य कशाला ना कशाला चिकटून जाते. तिथे पाण्याचा पृष्ठताण त्याला खाली दाबून धरतो, खालच्या पृष्ठभागाशी घर्षण होते, शेजाऱ्यांची दाटी असते, आणि पोहण्याची युक्ती तिथे पुरी पडत नाही.

मी इंदूरच्या एका महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवले. या विषयाचा अभ्यासक्रमातील तास नेहमी कशाभिकेच्या, म्हणजे जीवाणूच्या त्या फिरणाऱ्या शेपटीच्या, वर्णनात संपून जात असे, आणि ते स्वाभाविकही आहे, कारण निसर्गात खरोखर गोल फिरणारे असे यंत्र विरळाच. पण पृष्ठभागावरच्या हालचालींबद्दल जे काही मी पुढे वाचत गेले, त्यातून माझे मत असे बनले की तिथे इंजिनापेक्षा त्या इंजिनाला आवरून धरणारी प्रथिने अधिक विचार करण्याजोगी आहेत. हालचालीची यंत्रणा जीवाणूजवळ बहुधा आधीपासून असते, किंवा ती बांधण्याचा आराखडा तरी असतो. केव्हा चालायचे, किती वेळ चालायचे आणि केव्हा उलटे फिरायचे हे मात्र मोडतोड करणारी, अडवणारी आणि सुटे करणारी प्रथिने ठरवतात. या लेखात मला त्यांच्याविषयी लिहायचे आहे.

इंदूरमध्ये बसून याविषयी लिहिताना एक जुनी गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही. 1924 साली येथे वनस्पती-उद्योग संस्था सुरू झाली आणि तिथे अल्बर्ट हॉवर्ड व त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी शेतातील कचऱ्यापासून खत करण्याची जी पद्धत बसवली, ती पुढे जगभर ‘इंदूर पद्धत’ या नावाने ओळखली गेली. कपाशीच्या पऱ्हाट्या, पालापाचोळा, शेण, गोठ्यातील मूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर रचायचे, ओल आणि हवा राखायची, ठरावीक काळाने ढीग उलटायचा, आणि सुमारे तीन महिन्यांत खत तयार. 1931 साली दोघांनी मिळून त्यावर पुस्तक लिहिले. त्यांचे सगळे लक्ष हवा, ओल आणि कर्ब-नत्राचे प्रमाण यांवर होते, आणि शेतकऱ्याच्या दृष्टीने ते योग्यच होते. पण ढीग का उलटायचा, याचे एक उत्तर असेही आहे की काडीच्या एका बाजूचे जीवाणू दुसऱ्या बाजूला आपणहून फार सावकाश पोहोचतात. जी जात पृष्ठभागावर पसरू शकते, तिला अशा ढिगात मोठाच फायदा मिळतो. (आज शहरातील ओल्या कचऱ्यावर दररोज 550 टन क्षमतेचा जो बायो-सीएनजी प्रकल्प चालतो, त्यातले मिथेन बनवणारे सूक्ष्मजीव हवेशिवाय जगणारे, निराळ्याच कुळातले, त्यांचा या लेखाशी संबंध नाही.)

पृष्ठभागावरच्या हालचालींचे वर्गीकरण डेन्मार्कच्या योर्गेन हेनरिक्सन यांनी 1972 साली केले आणि पोहण्यासह सहा प्रकार मांडले. त्यांपैकी तीन येथे महत्त्वाचे. कशाभिका फिरवत गटागटाने झपाट्याने पसरणे याला प्रयोगशाळेत सर्रास ‘स्वार्मिंग’ म्हणतात. बारीक तंतू पुढे फेकून, ते चिकटवून आणि आखडून घेत हिसक्याहिसक्याने सरकणे हा दुसरा प्रकार. आणि कशाभिका वा तंतू यांच्याशिवाय सपाट घसरत जाणे हा तिसरा.

स्वार्मिंग पाहायला सूक्ष्मदर्शकाचीही गरज नाही. पॅथॉलॉजीच्या कोणत्याही प्रयोगशाळेत काम केलेल्या माणसाला प्रोटिअस हा जीवाणू ठाऊक असतो आणि बहुधा तो नावडताही असतो. संध्याकाळी रुग्णाच्या लघवीचा नमुना रक्त-अगारच्या (अगार म्हणजे जीवाणू वाढवण्यासाठी वापरायची जेली) प्लेटवर व्यवस्थित रेघा ओढून लावावा, आणि सकाळी इन्क्युबेटर उघडावा तो सगळ्या प्लेटवर राखाडी लाटांसारखा एक पातळ थर, त्याला तो ओळखीचा वास, आणि ज्या दुसऱ्या जीवाणूचा शोध घ्यायचा तो त्या थराखाली गडप. एका तंत्रज्ञ काकांचे उद्गार मला अजून ऐकू येतात: “मॅडम, हा आला की बाकीच्यांची सुट्टी.” मॅकाँकी अगारवर तो जागच्या जागी राहतो, कारण त्यातील पित्तक्षार त्याला पसरू देत नाहीत, क्षार कमी ठेवलेल्या सीएलईडी माध्यमावरही तो शांत असतो. लघवीच्या नमुन्यांसाठी ही माध्यमे वापरात असण्यामागे हेही एक कारण आहे.

या जीवाणूचे वर्णन गुस्टाव हाउझर यांनी 1885 साली जर्मनीत, कुजणाऱ्या मांसावरून मिळवून केले. रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत अगार पोहोचून त्या वेळी जेमतेम तीन-चार वर्षे झाली होती. तो वापरण्याची सूचना फॅनी हेसे यांची. त्या घरी जेली करण्यासाठी अगार वापरत असत. द्रवात वाढणारा प्रोटिअस दीड-दोन मायक्रोमीटर लांबीचा, मोजक्या कशाभिका असलेला साधा दंडगोल असतो. घट्ट अगारवर ठेवला की काही तासांत तो विभागायचे थांबवतो, पण वाढायचे थांबवत नाही; परिणामी 20 ते 80 मायक्रोमीटर लांबीच्या, अंगभर शेकडो-हजारो कशाभिका असलेल्या पेशी तयार होतात, एकमेकींना बाजूने चिकटून तराफे बनवतात आणि बाहेरच्या दिशेने धाव घेतात. काही वेळाने त्या थांबतात, पुन्हा आखूड होतात, विभागतात, आणि पुन्हा लांब होऊन धावतात. प्लेटवर म्हणून एकात एक कडी उमटतात. अन्न संपले म्हणून ते थांबत असतील, असे कोणालाही वाटेल. परंतु 1996 साली प्रसिद्ध झालेल्या मोजमापांत असे दिसले की माध्यमातील ग्लुकोज बदलले तरी धावणे आणि थांबणे मिळून होणाऱ्या एका चक्राचा वेळ जवळजवळ तोच राहतो. म्हणजे थांबण्याचे वेळापत्रक पेशीच्या आतच कुठेतरी आहे.

त्या वेळापत्रकाच्या शिरोभागी दोन प्रथिनांची जोडी आहे. एफएलएच-डी आणि एफएलएच-सी एकत्र येऊन कशाभिकेच्या सगळ्या जनुकांची पहिली कळ दाबतात. चार डी आणि दोन सी असा त्यांचा संच बनतो. ही जोडी वाढली की कशाभिका वाढतात, हे पुस्तकी उत्तर झाले. त्यापुढची माहिती मला अधिक रोचक वाटते. ही दोन्ही प्रथिने अत्यंत अल्पायुषी असतात. तयार झाल्यावर काही मिनिटांतच त्यांचे तुकडे होतात. तुकडे करणाऱ्या विकराचे नाव लॉन. हे लॉन जनुक काढून टाकलेला प्रोटिअस द्रवातही, म्हणजे चालायला पृष्ठभागच नसताना, लांबलचक स्वार्मर, म्हणजे स्वार्मिंग करणाऱ्या पेशी, बनवू लागतो. पृष्ठभागाचा स्पर्श त्याला काही नवे देत नाही, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण जे सतत नष्ट होत होते ते नष्ट होणे थांबले, एवढ्यानेही बरेच काही घडते, हे मात्र त्यातून दिसते.

हीच गोष्ट अधिक स्वच्छपणे बॅसिलस सब्टिलिस या मातीतील जीवाणूत उलगडली. त्याचे स्वार्मिंग स्वार-ए या प्रथिनावर अवलंबून असते. हे प्रथिन पेशीत पुरेसे साठले की कशाभिकांची संख्या कित्येक पटींनी वाढते. द्रवात असताना ते साठूच दिले जात नाही. स्मि-ए नावाचे एक छोटे प्रथिन स्वार-एला नेमके पकडून लॉन विकराच्या पुढ्यात आणून ठेवते आणि लॉन त्याचा चुरा करते. स्मि-ए नसेल तर लॉनला स्वार-ए ओळखता येत नाही. पेशी घट्ट पृष्ठभागावर आली की हा चुरा करणे मंदावते, स्वार-ए साठत जाते, नव्या कशाभिका उभ्या राहतात, आणि मग वसाहत हलू लागते. स्मि-ए काढून टाकलेल्या जीवाणूला हा तयारीचा काळ लागतच नाही, तो पृष्ठभागावर ठेवताच चालू पडतो. 2015 साली ही साखळी प्रसिद्ध झाली.

प्रथम वाचताना हा निव्वळ अपव्यय वाटतो. प्रत्येक प्रथिन जोडायला ऊर्जा लागते, तोडायलाही लागते. मग न वापरता मोडण्यासाठी ते बनवायचेच कशाला? विचार करता एक हिशेब पटतो. जनुक बंद ठेवले असते, तर गरज पडल्यावर ते उघडणे, संदेश लिहिणे, प्रथिन जोडणे या सगळ्याला वेळ गेला असता. बनवणे अखंड चालू ठेवून मोडण्यावर ताबा ठेवला, तर मोडणे थांबताच साठा वाढू लागतो. जमिनीवर पाण्याचा पापुद्रा किती वेळ टिकेल याचा भरवसा नसलेल्या जीवाला हे परवडत असावे. ‘असावे’ हा माझा तर्क. मोडण्याची यंत्रणा मात्र प्रयोगाने सिद्ध झालेली आहे.

या जीवाणूच्या बाबतीत एक गोष्ट मला नेहमी गमतीची वाटते. जगभरातील प्रयोगशाळांत वापरला जाणारा त्याचा सर्वांत प्रसिद्ध वाण, क्रमांक 168, हा 1940 च्या दशकात क्ष-किरणांचा मारा केलेल्या जीवाणूंतून निवडलेला. त्याचा संपूर्ण जनुकसंच 1997 साली वाचला गेला. तो वाण स्वार्मिंग करूच शकत नाही. त्याच्या स्वार-ए जनुकात एका अक्षराची घसरण झाली आहे, आणि दुसऱ्या एका जनुकातील बिघाडामुळे त्याला सर्फॅक्टिन हा साबणासारखा पदार्थही बनवता येत नाही. हे सर्फॅक्टिन पाण्याचा पृष्ठताण कमी करून वसाहतीच्या कडेला ओल पसरवते. त्याच्याविना कितीही कशाभिका असल्या तरी पुढे सरकायला ओलावाच नसतो. परीक्षानळीतून परीक्षानळीत पिढ्यान्पिढ्या फिरणाऱ्या जीवाणूला चालण्याची गरज राहिली नाही, आणि ज्यांच्यात ते कौशल्य मोडले होते तेही सुखाने टिकले. संशोधकांना त्यामुळे 3610 या जुन्या, रानटी राहिलेल्या वाणाकडे परत जावे लागले. एखाद्या जीवाचे वर्तन समजून घेताना तो कोणाच्या घरी वाढला आहे हेही विचारले पाहिजे, असे मी विद्यार्थ्यांना सांगत असे.

असेच काहीसे ई. कोलायबद्दलही घडले होते. सूक्ष्मजीवशास्त्राचा इतका अभ्यासलेला जीवाणू, पण तो स्वार्मिंग करतो हे 1994 साली रसिका हर्षे आणि तोहेई मात्सुयामा यांनी दाखवून दिले. हर्षे यांची पीएच.डी. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेची. पुढे त्यांनी टेक्सास विद्यापीठात संशोधन केले. ई. कोलायला मृदू अगार लागतो, ग्लुकोज लागते, आणि त्यातही जपानच्या आइकेन कंपनीचा अगार असेल तर तो विशेष खुलतो, कारण त्या अगारचा पृष्ठभाग अधिक ओलसर राहतो. सॅल्मोनेलामध्ये त्यांच्याच गटाने 2008 साली फ्लाय-एल या प्रथिनाविषयी जे दाखवले, ते तर मला पृष्ठभागावरच्या आयुष्याचे सर्वांत बोलके उदाहरण वाटते. हे प्रथिन नसलेला जीवाणू द्रवात जवळजवळ नेहमीसारखा पोहतो. त्याला स्वार्मिंग प्लेटवर ठेवले की त्याच्या कशाभिका बुंध्याशी मोडून गळून पडतात. तिथे फिरण्यासाठी मोटरला इतका जोर लावावा लागतो की आधाराचे हे प्रथिन नसेल तर दांडाच तुटतो. द्रवात तपासत बसलो असतो तर त्या प्रथिनाचे काम फारसे लक्षातच आले नसते.

जोराचा विषय निघालाच आहे, तर मोटरकडे थोडे पाहू. कशाभिकेच्या बुडाशी एक फिरते चक्र असते आणि त्याभोवती पेशीच्या पटलात रुतून बसलेले मॉट-ए व मॉट-बी यांचे संच असतात. त्यांच्यातून प्रोटॉन आत वाहतात आणि त्या प्रवाहाच्या बळावर ते चक्रावरील फ्लाय-जी या प्रथिनाला ढकलतात. ई. कोलायमध्ये असे अकरापर्यंत संच एका चक्राभोवती बसू शकतात. 2013 मध्ये असे दिसून आले की ओझे वाढले की अधिक संच येऊन बसतात आणि ओझे उतरले की ते सुटून जातात. म्हणजे जे चालवते तेच ओझ्याची जाणीवही ठेवते. कशाभिका हे जाणीवेचे साधन असू शकते याचा पुरावा मात्र त्याहून बराच जुना आहे. व्हिब्रियो पॅराहिमोलिटिकस या समुद्री जीवाणूच्या टोकाला एक कशाभिका असते. दाट द्रवात ठेवून किंवा प्रतिपिंडांनी जखडून तिचे फिरणे अवघड केले की जीवाणू पृष्ठभागावर पोहोचल्यासारखा वागतो आणि अंगभर नव्या बाजूच्या कशाभिका काढू लागतो, हे 1988 साली लिंडा मॅककार्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले. हात अडला, म्हणजे समोर भिंत आहे.

आता थांबण्याविषयी. पसरून झाल्यावर जीवाणू एके जागी वस्ती करतात, भोवती चिकट शर्करेचे आवरण विणतात. त्या अवस्थेला बायोफिल्म म्हणतात. चिकट जाळे विणायला घेतले आणि कशाभिका फिरतच राहिल्या, तर जाळे फाटेल. कशाभिका टाकून देणे किंवा पेशी विभागून त्या कमी होत जाणे हा मार्ग आहे, पण तो पिढ्यांचा, सावकाश आहे. बॅसिलस सब्टिलिस त्याऐवजी ईपीएस-ई नावाचे एक प्रथिन वापरतो. हे प्रथिन मुळात आवरणाच्या शर्करा जोडणारे विकर आहे, आणि तेच मोटरच्या फ्लाय-जीला जाऊन भिडते व तिचे फिरणे बंद करते. केट ब्लेअर, हॉवर्ड बर्ग, डॅनियल कर्न्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे हे काम 2008 सालचे.

त्यातील एक प्रश्न मला वर्गात तासभर पुरत असे: हा ब्रेक आहे की क्लच? स्कूटर चालवणाऱ्याला फरक समजावून सांगावा लागत नाही. ब्रेक दाबला तर चाक जखडते; क्लच दाबला तर इंजिन चालू राहते, पण चाकाचा त्याच्याशी संबंध तुटतो आणि हाताने ढकलल्यास चाक मोकळे फिरते. मग जीवाणूच्या बाबतीत हे ओळखायचे कसे? त्यांनी पेशी कशाभिकेच्या बुंध्याने काचेला बांधल्या. अशा वेळी मोटर फिरली तर शेपूट जागच्या जागी राहते आणि अख्खी पेशीच गरगर फिरते. ईपीएस-ई तयार होऊ दिल्यावर गरगर थांबली. पण पाण्याच्या रेणूंच्या धक्क्यांनी पेशी इकडेतिकडे मोकळेपणी वळत राहिली. चाक जखडलेले असते तर ती अशी वळलीच नसती. म्हणून तो क्लच. एवढ्या लहान गोष्टीतील, एवढ्या सूक्ष्म फरकाचा निवाडा साध्या डोलण्याकडे नीट पाहून व्हावा, यात प्रयोग रचणाऱ्यांची बुद्धी दिसते. महागडे उपकरण नंतर येते.

ई. कोलाय आणि सॅल्मोनेलाचा मार्ग वेगळा. तिथे वायसीजी-आर हे प्रथिन मोटरला भिडते आणि तिला मंद करते. 2010 च्या शोधनिबंधांत त्याला ब्रेक म्हटले गेले. ते भिडते केव्हा, तर पेशीत सायक्लिक-डाय-जीएमपी नावाचा छोटा रेणू वाढतो तेव्हा. हा रेणू 1987 साली जेरुसलेममध्ये मोशे बेन्झिमन यांच्या गटाला सेल्युलोज बनवणाऱ्या जीवाणूत सापडला, आणि त्याचा हालचालीशी संबंध असेल असे त्या वेळी कोणाच्या ध्यानीमनी नव्हते. आता ढोबळ नियम असा मानतात की तो वाढला की जीवाणू चिकटून बसतात आणि घटला की हलू लागतात. एका प्रकारची विकरे त्याला जोडतात, दुसऱ्या प्रकारची तोडतात, आणि काही जीवाणूंत अशा विकरांची संख्या डझनावारी असते. पुढे 2017 मध्ये कळले की वायसीजी-आरच्याच कुळातील, बॅसिलसमधील मॉट-आय हे प्रथिन मॉट-एला पकडून क्लचसारखे काम करते. एकाच घराण्यातील दोन प्रथिने, एका जीवाणूत ब्रेक आणि दुसऱ्यात क्लच. त्यामुळे नुसत्या जनुकाच्या साम्यावरून काम ठरवू पाहणाऱ्यांनी जरा जपून असावे हे बरे.

तंतूंनी सरकणाऱ्या जीवाणूंचे उदाहरण थोडक्यात सांगते, कारण तिथली यंत्रणा सरळ आहे. पिल-बी हे प्रथिन तंतूचे घटक जोडत त्याला बाहेर ढकलते आणि पिल-टी तेच घटक काढून घेत त्याला आत ओढते. ओढल्यानेच जीवाणू पुढे सरकतो, हे परम्याच्या जीवाणूत 2000 साली थेट पाहिले गेले. 2002 मध्ये मोजलेला जोर सुमारे 100 पिकोन्यूटन निघाला, म्हणजे त्या जीवाणूच्या वजनाच्या हजारो पट. एका आण्विक मोटरसाठी हा विलक्षण आकडा आहे. पिल-टी नसलेला जीवाणू तंतूंनी भरगच्च असतो, आणि जागचा हलत नाही.

मिक्सोकॉकस झँथस हा मातीत, शेणात आणि कुजणाऱ्या काटक्यांवर राहणारा जीवाणू. तो टोळीने शिकार करतो, इतर जीवाणूंना विरघळवून खातो, आणि चालतो मिनिटाला काही मायक्रोमीटर, म्हणजे पोहणाऱ्या ई. कोलायच्या तुलनेत अगदीच रेंगाळत. 1979 साली जोनाथन हॉजकिन आणि डेल कैसर यांनी दाखवले की त्याच्याजवळ चालण्याच्या दोन स्वतंत्र यंत्रणा आहेत: एक टोळीने जाण्याची, जी तंतूंवर चालते, आणि दुसरी एकट्याने घसरण्याची. दोन्ही एकाच वेळी बंद पाडायच्या तर दोन बिघाड लागतात. अपवाद एकच जनुक, एमजीएल-ए; तेवढे गेले की दोन्ही बंद.

एमजीएल-ए हे छोटे प्रथिन जीटीपी या रेणूला धरून असते तेव्हा पेशीच्या पुढच्या टोकाला बसते आणि ‘पुढे’ म्हणजे कोणते टोक हे त्यावरूनच ठरते. मागच्या टोकाला एमजीएल-बी बसलेले असते. ते जीटीपीचे विघटन करवून घेते, आणि त्यामुळे एमजीएल-ए मागे टिकतच नाही. घसरताना पेशीच्या पोटाशी जमिनीला धरणारे जे प्रथिनसंच असतात, ते जमिनीच्या हिशेबाने एका जागी राहतात आणि पेशी त्यांच्यावरून पुढे जाते. असा संच मागच्या टोकाशी पोहोचला की एमजीएल-बीच्या प्रभावाने सुटतो. पाऊल उचलण्याचे काम असे पाऊल टाकण्याइतकेच महत्त्वाचे ठरते. एमजीएल-बी नसेल तर एमजीएल-ए दोन्ही टोकांना बसते आणि पेशीला धड पुढे कळत नाही, धड मागे. एमजीएल-ए नसलेल्या पेशीही पूर्ण निश्चल नसतात, असे नंतर बारकाईने पाहणाऱ्यांना दिसले. त्या इतक्या वेळा दिशा बदलतात की कुठेच पोहोचत नाहीत.

दिशा बदलणे हा मिक्सोकॉकसचा नित्याचा व्यवहार आहे. सरासरी सुमारे सात मिनिटांनी पेशीची दोन टोके आपापली प्रथिने अदलाबदल करतात आणि पेशी आल्या वाटेने परत जाते. ही अदलाबदल फ्रिझ नावाच्या प्रथिनसंचाकडे असते. 1985 मध्ये बॉनी ब्लॅकहार्ट आणि डेव्हिड झुसमन यांनी दाखवले की त्यातील बिघाड असलेल्या पेशी अर्ध्या तासाहून अधिक काळ एकाच दिशेने चालत राहतात. अशा न वळणाऱ्या पेशींची वसाहत अधिक वेगाने पसरेल, असे कोणीही म्हणेल. तसे होत नाही. दाटीत सतत पुढेच जाणाऱ्या पेशी एकमेकींत अडकतात, गोल गोल फिरणाऱ्या पट्ट्यांत गुरफटतात आणि वसाहतीची कड मंदावते. 2009 साली संगणकीय प्रतिकृतीतून सर्वांत जलद पसरण्यासाठी वळण्याचा काळ काढला, तेव्हा तो सुमारे आठ मिनिटे आला, म्हणजे जीवाणूने निवडलेल्या काळाच्या अगदी जवळ. एका विद्यार्थिनीने यावर मला विचारले होते, “मॅडम, मग हे सगळं ठरवतं कोण?” मी तिला परत एमजीएल-ए आणि एमजीएल-बीची आकृती काढायला लावली. एका प्रथिनावर बोट ठेवून ‘हे ठरवते’ म्हणता येईल अशी जागा तिला त्या आकृतीत सापडली नाही, आणि मलाही कधी सापडलेली नाही. फ्रिझकडे बोट दाखवावे तर त्यालाही बाहेरून काहीतरी कळावे लागते. ज्याला आपण नियंत्रण म्हणतो ते दोन टोकांच्या परस्परविरोधात वाटून गेलेले असते.

रुग्णालयात या सगळ्याला अर्थ येतो तो मूत्रमार्गात घातलेल्या नळीपाशी. प्रोटिअस त्या नळीवरून वर सरकतो, युरिएज विकराने युरिआ फोडून लघवी अल्कधर्मी करतो, त्यामुळे क्षारांचे स्फटिक साचतात आणि नळी तुंबते. जीवाणूला न मारता त्याचा क्लच कायमचा दाबून ठेवता येईल का, असा विचार त्यामुळे संशोधकांच्या मनात येतो. मला स्वतःला वाटते की हलू न शकणारा जीवाणू बायोफिल्म अधिक दाट विणील ही शक्यता त्यात विसरता कामा नये. चालणे आणि चिकटणे यांची कळ एकच असेल, तर एक बाजू दाबली की दुसरी वर येणार.

एखाद्या महाविद्यालयात हे मुलांना दाखवायचे असेल, तर रुग्णाकडचा प्रोटिअस वापरण्याचे कारण नाही. फर्डिनांड कोन यांनी एकोणिसाव्या शतकात केले तसे वाळलेल्या गवताचे पाणी उकळावे. उकळण्यातून टिकणाऱ्या बीजाणूंमधून बहुधा बॅसिलस मिळतो. नेहमीचे दीड टक्क्याचे अगार यासाठी घट्ट होते, म्हणून 0.7 टक्क्याचे ओतावे आणि झाकण काढून थोडा वेळ सुकवावे. इंदूरच्या मे महिन्यात आणि ऑगस्टमध्ये हा सुकवण्याचा वेळ सारखा ठेवून चालत नाही, कारण मेमध्ये पृष्ठभाग लवकर कोरडा होतो आणि ऑगस्टमध्ये इतकी ओल राहते की थेंबातील पेशी नुसत्याच वाहून जातात व ते स्वार्मिंग असल्याचा भास होतो. काम झाल्यावर प्लेट 121 अंशांवर ऑटोक्लेव्ह करूनच टाकावी, कारण गवतातून आलेला प्रत्येक बॅसिलस निरुपद्रवी असेलच असे नाही. आणि थेंब ठेवल्यावर पहिले एक-दोन तास कड तसूभरही सरकत नाही. त्या वेळात आत स्वार-ए साठत असते. मुले नेमकी तेव्हाच अधीर होऊन झाकण उघडून पाहत राहतात, पृष्ठभाग सुकतो, आणि मग रात्रभर ठेवूनही थेंब जिथल्या तिथेच.